आण्णांनी घर आत्ताच नावावर करून द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे पुण्यात नोकरीला आहेत. आण्णा ७९ वर्षांचे, आई ७२ची, दोघंही बेळगावच्या शहापुरात स्वतःच्या घरात. घर आण्णांनी कारखान्यातल्या पगारातून बांधलेलं. बेळगावजवळच्या येळ्ळूरला पावणेदोन एकर भाताची जमीन आहे, तिच्या उताऱ्यावर आण्णांबरोबर दोन चुलतभावांची नावं आहेत. आईच्या नावे चंदगड तालुक्यात माहेरची वीस गुंठे. ठेवी एका बँकेत आणि दोन सोसायट्यांत. धाकटा भाऊ आणि भावजय आई-वडिलांजवळ राहतात, बहीण चंदगडकडे दिलेली. आता धाकटा म्हणतोय, "घर आत्ताच माझ्या नावे बक्षीसपत्र करून द्या, मी दोघांना शेवटपर्यंत सांभाळतो." आण्णा तयार आहेत. विचारणाऱ्यांचा भावावर संशय नाही, तरी मन मानत नाही. काय करावं?

बेळगावच्या कोर्टात मी सत्तावीस वर्षं दिवाणी कामं करतोय, त्यातली निम्मी अशाच घरांची. म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणं मागून. घराचं बक्षीसपत्र आत्ता करू नका, मृत्युपत्र करा. आणि जो कोणता कागद होईल, तो आण्णांना स्वतःला वाचता येईल अशा भाषेत होऊ द्या.

यातल्या दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्या भागात नुकसान बहुधा तिथूनच सुरू होतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आजोबा आले. पांढरी टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी करकरून मऊ झालेले कागद. म्हणाले, "वकीलसाहेब, मी पोराच्या नावानं मृत्युपत्र केलंय. आता ते मोडायचं हाय." मी कागद उघडला. वर कानडीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'दानपत्र'. आजोबांनी मृत्युपत्र केलंच नव्हतं. राहतं घर त्यांनी त्याच दिवशी, त्याच सहीनं देऊन टाकलं होतं. नोंदणी कचेरीत अधिकाऱ्यानं विचारलं होतं, "ओप्पिगे इदेया?" म्हणजे संमती आहे ना? आजोबांनी "हौदु, हौदु" म्हणून अंगठा लावला होता, फोटो काढून घेतला होता. बाजारात बोलण्यापुरती कानडी त्यांना येत होती. वाचता एक अक्षर येत नव्हतं. "ते कानडीत हाय, मला काय कळतंय त्यात? पोरगं म्हणालं सही करा, केली," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

म्हणून आई-वडिलांचं वय झालेल्या प्रत्येक मराठी घरानं पाच कानडी शब्द ओळखायला शिकावेत. 'मरणशासन' म्हणजे मृत्युपत्र. 'दानपत्र' म्हणजे बक्षीसपत्र. 'हक्कु बिडुगडे पत्र' म्हणजे हक्कसोडपत्र. 'विभागपत्र' म्हणजे वाटणीपत्र. 'क्रयपत्र' म्हणजे खरेदीखत. पहिल्या कागदाचा अंमल माणूस गेल्यावर होतो आणि तो हयातीत कितीदाही बदलता येतो. बाकीच्या चार कागदांचा अंमल तिथल्या तिथे होतो आणि त्यात दिलेला हक्क हातचा जातो. कागदाच्या पहिल्या ओळीतला हा एक शब्द आधी वाचून घ्या, पेन मग उचला.

मृत्युपत्र मराठीत केलं तर चालतं का, हे मला आठवड्यातून दोनदा तरी विचारलं जातं. चालतं. मृत्युपत्र कुठल्या भाषेत असावं असं भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ कुठेही सांगत नाही. नोंदणी करताना मात्र कागदाची भाषा अधिकाऱ्याला कळत नसेल आणि ती जिल्ह्यात सर्रास वापरातलीही नसेल, तर नोंदणी कायद्याप्रमाणे खरं भाषांतर सोबत द्यावं लागतं. ही अडचण उद्भवूच नये म्हणून मी मूळ मृत्युपत्र मराठीत करतो, प्रत्येक पानावर सही घेतो आणि सोबत कानडी भाषांतर जोडतो. कुणी कानडीतच टाइप करून आणलं असेल, तर ते मराठीत वाचून दाखवलं, समजावलं आणि मृत्युपत्र करणाऱ्याला ते मान्य आहे, असा परिच्छेद शेवटी घालतो. ज्यानं वाचून दाखवलं त्याचं नाव आणि सही घेतो. तुमच्या घरात तर मराठी मूळ प्रत दुहेरी उपयोगाची आहे. चंदगडचा तलाठी सातबारावर नोंद करताना मराठी कागद बघणार, आणि इकडची नाडकचेरी, म्हणजे महसूल कचेरी, कानडी भाषांतर बघणार.

आता बक्षीसपत्राकडे येतो. धाकटा भाऊ खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. आई-वडिलांजवळ राहून त्यांचं दुखलं-खुपलं तोच बघतोय, त्याला घर जास्त मिळावं हे न्यायाचंच आहे. पण बक्षीसपत्र एकदा नोंदलं की आण्णा स्वतःच्या घरात आश्रित होतात. उद्या धाकट्यानं त्या घरावर कर्ज काढलं, धंदा बसला, किंवा देव न करो तो आण्णांच्या आधी गेला, तर घर त्याच्या वारसांचं. हिंदू वारसा कायद्यात मेलेल्या मुलाच्या पहिल्या वारसांत आई येते, वडील येत नाहीत. ज्यांनी घर बांधलं त्यांचाच त्यात वाटा उरत नाही. असं घर मी पाहिलंय आणि ती बैठक मला अजून आठवते.

'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७' आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. त्याच्या २३व्या कलमानुसार सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत मिळवता येते. पण कळीचा शब्द आहे 'अटीवर'. ६ डिसेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सुदेश छिकारा खटल्यात स्पष्ट सांगितलं की अशी अट होती हे दाखवता आलं पाहिजे, प्रेमानं दिलं एवढ्यावर कागद रद्द होत नाही. पुढे २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित खटल्यात न्यायालयानं या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूनं उदारपणे लावला आणि आईला घराचा ताबा परत देवविला. तो निकाल मला मनापासून आवडतो, पण त्यातसुद्धा मुलानं सांभाळण्याचं वचन लिहून दिलेलं होतं. माझ्या टोपीवाल्या आजोबांच्या दानपत्रात 'प्रेमापोटी व मायेपोटी' एवढंच होतं. आम्ही प्रांतांकडे, म्हणजे असिस्टंट कमिशनरकडे, अर्ज केला, अपील केलं, आणि शेवटी दिवाणी दावा. निकाल लागायच्या आत आजोबा गेले.

सगळं ऐकूनही आण्णा बक्षीसपत्रावरच ठाम असतील तर निदान तीन गोष्टी त्यात लिहून घ्या. दोघांना, म्हणजे आण्णांच्या मागं आईलासुद्धा, हयातभर त्या घरात राहण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क राखून ठेवलाय. जेवणखाण, औषधपाणी, दवाखाना ही बक्षीस घेणाऱ्याची जबाबदारी आणि तीच या बक्षिसाची अट आहे. ती मोडली तर २३व्या कलमाखाली हा कागद रद्द करता येईल. यावर धाकटा नाराज होत असेल तर त्याच्याशी शांतपणे बोला. ज्याला सांभाळायचंच आहे त्याचं या ओळींनी काहीच अडत नाही, हे त्याला पटतं. बहुतेकांना पटतं, माझा अनुभव आहे.

मृत्युपत्राचा विधी सोपा आहे. स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालतं. आण्णांनी दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि दोघांनी आण्णांसमोर. नोंदणी सक्तीची नाही, पण मी ती करायला लावतो, कारण फोटो, अंगठा आणि तारीख सरकारी दप्तरात राहते. आता 'कावेरी' या कर्नाटकाच्या नोंदणी संकेतस्थळावर ऑनलाइन वेळ घेऊन जाता येतं. चालवत नसेल तर तसा अर्ज आणि शुल्क भरून नोंदणी अधिकाऱ्याला घरी बोलावण्याची सोयही कायद्यात आहे. नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र अभेद्य होत नाही. नंतरचं साधं, न नोंदलेलं मृत्युपत्रसुद्धा आधीचं नोंदलेलं मोडू शकतं. बेळगावातल्या मालमत्तेसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, सक्तीचं नाही, त्यामुळे 'कोर्टात जाऊन पास करून आणा' असं कुणी सांगितलं तर आधी कारण विचारा.

कोर्टात मृत्युपत्रं पडतात ती साक्षीदारांवरून आणि संशयावरून. साक्षीदारांपैकी निदान एकानं कोर्टात येऊन सांगावं लागतं की माझ्यासमोर सही झाली. म्हणून आण्णांच्या वयाचे मित्र साक्षीला घेऊ नका. चाळिशीतला, गावातच राहणारा, ज्याला काही मिळणार नाही असा माणूस घ्या. दुसरं, ज्याला जास्त मिळणार आहे त्यानंच वकील ठरवला, त्यानंच गाडी केली, तोच सहीच्या वेळी शेजारी बसला, तर ते मृत्युपत्र पुढे संशयाच्या छायेत जातं. तो संशय निवारण्याचं ओझं मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सहा दशकांपूर्वी वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलंय, आणि ते प्रकरण आपल्याच, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातलं. सहीच्या दिवशी घरच्या डॉक्टरांकडून आण्णा शुद्धीत, समजून बोलतात असा दाखला घ्या. कुणाला कमी का दिलं, कुणाला जास्त का दिलं, हे दोन ओळींत लिहा. 'धाकट्यानं आम्हाला सांभाळलं म्हणून घर त्याला, थोरल्याच्या शिक्षणाला व पुण्याच्या फ्लॅटला मी मदत केली' असं एक वाक्य दहा वर्षांचं भांडण वाचवतं.

आईला विसरू नका. मृत्युपत्र नसेल तर आण्णांच्या स्वकष्टाच्या घरात आई आणि तुम्ही तिघं भावंडं, प्रत्येकी चौथा हिस्सा. म्हणजे आण्णा गेल्यावर आई पाव घराची मालकीण आणि उरलेल्या पाऊण घरात मुलांची पाहुणी. मृत्युपत्रात घर आधी आईला आणि तिच्यानंतर धाकट्याला असं लिहायची पद्धत आहे. पण 'हयातभर' या शब्दावरून, हिंदू वारसा कायद्याच्या १४व्या कलमामुळे, पुढे वाद उठतात की आई पूर्ण मालक झाली की नाही. तेव्हा ते कलम वकिलाकडून नीट लिहून घ्या. आणि आईच्या चंदगडच्या वीस गुंठ्यांसाठी आईचं स्वतःचं, वेगळं मृत्युपत्र करा. आण्णांच्या मृत्युपत्रात आईच्या जमिनीची विल्हेवाट लावलेली मी कितीतरी वेळा पाहिलीय. अशा विल्हेवाटीला कायद्यात काडीची किंमत नाही.

येळ्ळूरच्या जमिनीचं वेगळं आहे. 'आजोबांकडून आली म्हणजे वडिलोपार्जित' हे आपल्याकडे सगळे धरून चालतात, पण ते सरसकट खरं नाही. आजोबा १९५६ नंतर वारले आणि जमीन त्यांची स्वतःची होती, तर आण्णांना वारसानं आलेला हिस्सा हा आण्णांचा स्वतःचा मानला जातो. एकत्र कुटुंबाची जुनी जमीन असेल तर मात्र तुम्ही दोघं भाऊ आणि बहीण, तिघंही जन्मानं हिस्सेदार. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी मुलासारखीच हिस्सेदार झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानं वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते हा वादही संपला. त्या जमिनीत आण्णा मृत्युपत्रानं फक्त आपला हिस्सा देऊ शकतात. जुने उतारे आणि फेरफार काढून बघितल्याशिवाय यातलं कुठलं लागू होतं हे मी सांगणार नाही, तुम्हीही कुणाला सांगू देऊ नका.

चुलतभाऊ हयात आहेत, बोलतात, तोवर वाटणी उरकून घ्या. मोजणी खात्याकडून ११-ई नकाशा, म्हणजे ज्याचा त्याचा हिस्सा दाखवणारा नकाशा, काढायचा, त्यावरून वाटणीपत्र नोंदवायचं आणि मग पहाणीवर, म्हणजे इकडच्या सातबारावर, ज्याचं त्याचं नाव वेगळं. मेलेल्यांची नावं तशीच राहिली की काय होतं, हे बायपास आणि रिंगरोडच्या भूसंपादनात गावागावांनी पाहिलंय. पैसे द्यायचे कुणाला हे ठरेना म्हणजे रक्कम कोर्टात जाऊन पडते.

बहिणीबद्दल दोन शब्द, आणि हे मी कळकळीनं लिहितोय. आपल्याकडे दिवाळीला बहीण आली की साडी-चोळी देऊन हक्कसोडावर सही घ्यायची रीत अजून गेलेली नाही. आण्णांच्या स्वकष्टाच्या घरासाठी आत्ता तिच्याकडून हक्कसोड घेणं तर निरर्थकच आहे. आण्णा हयात असताना तिला त्या घरात हक्कच नाही, मग ती सोडणार काय? जमिनीत तिचा आजच हक्क असेल तर तो ती सोडू शकते, पण नोंदलेल्या कागदानं आणि समजून उमजून. आणखी एक. माणूस गेल्यावर तलाठ्याकडे वंशवृक्षासाठी अर्ज करताना लग्न झालेल्या मुलींची नावं गाळू नका. 'नंतर बघू' म्हणून गाळलेलं नाव पंधरा वर्षांनी खरेदीखताच्या वेळी दाव्याच्या रूपानं परत येतं, आणि खोटं प्रतिज्ञापत्र केल्याची जोखीम वेगळी.

ठेवींसाठी प्रत्येक ठिकाणी जाऊन नॉमिनीचं नाव लावलंय का बघा, विशेषतः सोसायट्यांत. तिथं वीस वर्षांपूर्वीचं, कधीकधी वारलेल्या माणसाचंच नाव निघतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नावं लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे हातात घेणारा विश्वस्त, मालकी मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं ठरते. नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात दुसराच, असं ठेवू नका.

मुखत्यारपत्रावर फार विसंबू नका. देणारा माणूस गेला की ते संपतं, आणि त्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही तरीही संपतं. म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच ते निकामी होतं. आण्णांना विसरायला होतंय असं वाटत असेल तर सगळी कामं याच महिन्यात करा आणि घरखर्चाचं खातं आईबरोबर 'दोघांपैकी कुणीही' असं करून ठेवा. व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही, याबद्दल आण्णांची काही इच्छा असेल तर तीही दोन साक्षीदारांसमोर लिहून, नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ही पद्धत सोपी केली आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाच्या आरोग्य खात्यानं त्याबाबत आदेशही काढला.

हे सगळं हिंदू कुटुंबाबद्दल झालं. आपल्या भागातल्या मराठी बोलणाऱ्या मुसलमान घरांत साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्रानं देता येत नाही, ख्रिस्ती घरांत लग्नानंतर आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. त्यांनी आपल्या कायद्याप्रमाणे वेगळा सल्ला घ्यावा.

आणि ज्यांच्या घरी गोष्ट आधीच बिघडलीय त्यांच्यासाठी. साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना निर्वाहासाठी प्रांतांकडे अर्ज करता येतो. बेळगावकरांनी बेळगावात, निपाणीकरांनी चिक्कोडीत. मुलगा पुण्या-मुंबईला असला तरी अर्ज आई-वडील राहतात तिथंच चालतो. निर्वाहाचा अर्ज ९० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पाठपुरावा लागतो, पण हे काम दिवाणी दाव्यापेक्षा कितीतरी लवकर होतं. फोनवर विचारायचं असेल तर १४५६७ हा वृद्धांसाठीचा मोफत क्रमांक आहे. सुनेला घराबाहेर काढण्यासाठी हा कायदा वापरायला आलेल्यांना मी सांगतो की तिचाही राहण्याचा हक्क बघावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये, बेंगळुरूच्याच एका प्रकरणात, म्हटलंय.

तुमच्यापुरतं सांगायचं तर या क्रमानं जा. आधी घराचा सिटी सर्व्हे उतारा, येळ्ळूरची पहाणी आणि जुने फेरफार, चंदगडचा सातबारा, ठेवींच्या पावत्या एका फाइलीत लावा. मग तुम्ही, धाकटा आणि बहीण, तिघांनी आण्णा-आईसमोर एकदा बसा. धाकट्याला घर मिळावं हे तुम्हाला मान्य असेल तर ते तुम्हीच आधी बोलून दाखवा, बक्षीसपत्राची घाई तिथंच निम्मी कमी होईल. त्यानंतर वकिलाकडे आण्णांना घेऊन जा. मी माझ्या टेबलाशी वृद्ध माणसाला एकट्यालाच बसवतो, चहा मागवतो आणि त्यांच्या बोलीत विचारतो की आण्णा, तुमच्या मनात काय आहे. अर्धा तास लागतो, कधी जास्त. तेवढा वेळ तुम्ही आणि तुमचा भाऊ, दोघंही बाहेरच्या बाकावर बसा.